एका केसपेपरावर अख्खी आळी

खराडी,
४ फेब्रुवारी १९८८

ती. श्यामअण्णांस,
मंदाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

इथे घर बांधून दोन वर्षं झाली, पण डॉक्टर काही आला नाही. पेठेतल्या डॉक्टरांची फी ऐकूनच आमच्या आळीतली निम्मी दुखणी बरी होतात. उरलेल्यांसाठी आळीने ठराव केलाय: एकानेच जायचं आणि सगळ्यांची दुखणी आपलीच म्हणून सांगायची. या खेपेस हे जाणार. खातूनभाभींचे गुडघे, शेजारच्या हिंदुरावांचा खोकला आणि ह्यांचं पित्त, सगळं कागदावर लिहून दिलंय. खोकला उत्तम जमतो. लंगडण्याचा सराव चालू आहे.

वहिनींना नमस्कार. आपला आशीर्वाद आहेच, तो राहू द्यावा.
आपली मंदा

खडकी,
९ फेब्रुवारी

चि. सौ. मंदास अ. उ. आ.

गोपाळराव जन्मात एकदाच खोटं बोलले, पहिल्या दिवाळसणाला तुझी चकली छान झाली म्हणाले तेव्हा. त्यांना कसलं जमणार? आम्हाला कारखान्याचा दवाखाना फुकट आहे, त्यामुळे कुठलाही आजार असो, पांढरी गोळीच मिळते. पत्रात तुझ्या तब्येतीचा शब्द नाही. कळव.

माया आहे, ती वाढवावी.
श्यामअण्णा

खराडी,
१६ फेब्रुवारी

रा. रा. श्यामसुंदरराव यांसी,
गोपाळकृष्णाचा सा. न. वि. वि.

काल डॉक्टरांकडे लंगडलो, खोकलो, पित्तही सांगितलं. कागदाच्या तळाशी सौ.ने गुपचूप एक ओळ घातली होती, तीही वाचली: पाण्याचा हंडा घेऊन चढ चढताना छाती आवळते, डावा हात जड होतो. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, “गुडघे कुणाचेही असोत. ही ओळ कुणाची, तेवढं खरं सांगा.” आमच्या घरी हंडा कोण आणतं, हे मला त्या खुर्चीत बसल्यावर आठवलं. फार लाज वाटली.

आज तिला घेऊन गेलो. हृदयाचं दुखणं आहे, पण वेळेत कळलं. रोज गोळ्या घ्यायच्या, हंडा बंद.

काळजी नसावी, लोभ असावा.
आपला गोपाळकृष्ण

खराडी,
२ मार्च

ती. अण्णांस शि. सा. नमस्कार.

बरी आहे. पाणी हे आणतात. गोळ्यांसाठी ह्यांनी वर्तमानपत्र बंद केलं. आता हिंदुरावांचं वाचतात. हिंदुरावांना ते दुपारी मिळतं. महाग म्हणून मी गोळी दिवसाआड घेणार होते, पण गिळेपर्यंत हे समोरून हलत नाहीत. एकतीस वर्षांत माझ्या तोंडाकडे इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं. म्हणून मीही हल्ली गोळी जरा सावकाशच गिळते.

वहिनींना हे सांगू नये. माया असावी.
मंदा