सत्तर सेंटीमीटर

नाना, तुम्ही मला त्या घरात सोडलंत तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आता सेहेचाळीस. तुम्ही जगलात त्याहून दहा वर्षं जास्त जगून झाली आहेत, तरी तुमच्याशी बोलायचं म्हटलं की अजून मी आधी फ्रॉक नीट करते.

आई गेल्यावर आत्याने मला वर्षभर सांभाळलं, मग तुम्ही जर्मनीला बोलावून घेतलंत. फ्रँकफर्टजवळ तुम्ही बांधकामात डॉक्टरेट करत होतात आणि तुमच्या घरमालकिणीला खोलीत मूल चालत नव्हतं. म्हणून टेकडीवरची नन्सची निवासी शाळा. व्हिक्टोरिया राणीच्या काळात एका जर्मन कारखानदाराने आपल्या इंग्रज बायकोसाठी ते घर बांधलं होतं, तिच्या माहेरच्यासारखं. लाल विटा, टोकदार खिडक्या, एक निरुपयोगी मनोरा. मालकांसाठी रुंद ओकचा जिना आणि नोकरांसाठी भिंतीआड अंधारा, चक्राकार जिना. नन्सनी नाचघराचं चॅपल केलं होतं आणि जेवणघराच्या छतावर रंगवलेल्या उघड्यावाघड्या देवींना चुना फासला होता. एकीचा अंगठा मात्र दर हिवाळ्यात चुन्यातून वर यायचा. आम्ही मुली नोकरांच्या जिन्याने जायचो. घर जसं बांधलं होतं तसंच चाललं होतं, फक्त नोकर बदलले होते.

आईबापांनी महिन्याच्या पहिल्या रविवारी यायचं, दोन तास, असा नियम होता. त्या सप्टेंबरात मोठ्या सिस्टरना गरम पाण्याचे नळ बसवायचे होते आणि घराचा नकाशा कुठे सापडेना. तुम्ही म्हणालात, मी मोजून काढून देतो. मग तुम्ही दर रविवारी येऊ लागलात, आणि टेपचं दुसरं टोक धरायला मी.

"ताठ धर गं. ढिली टेप खोटं बोलते." मी खिडकीच्या कोपऱ्यात अंगठ्याने टेप दाबून धरते आहे, तुम्ही लांब दुसऱ्या टोकाला आकडा पुटपुटता आहात, आणि आपल्या दोघांमध्ये ती पिवळी पट्टी ताणलेली आहे. एवढं मराठी मला आठवड्यात तेवढ्याच वेळी ऐकू यायचं. "खोल्या अधिक भिंती बरोबर बाहेरचं घर. याहून वेगळं गणित कुठल्याही घराला नसतं," असं तुम्ही म्हणायचात.

त्या घराला होतं. पहिल्या मजल्यावर चादरींची खोली आणि संगीताची खोली यांच्यामध्ये सत्तर सेंटीमीटर उरत होते. तुम्ही पुन्हा मोजलंत. भिंतींना सगळीकडे ओकच्या फळ्या, त्यामुळे ठोकलं की प्रत्येक भिंत पोकळच वाजायची. आणि चादरींची कपाटं हलवायची सिस्टरची परवानगी नव्हती.

"घर अजून वाढतंय का, डॉक्टरसाहेब?" सिस्टरनी दारातून विचारलं.

"अजून डॉक्टर झालो नाही, सिस्टर."

"ही भिंत जुळेपर्यंत होऊही नका."

तुम्ही हसलात. तुमचे कान लाल झालेले मला दिसले.

नाना, तिथे काय होतं ते मला ठाऊक होतं. तळघरातल्या स्वयंपाकघरातून जेवण वर ओढून घ्यायची दोरीची छोटी लिफ्ट कधीकाळी तिथे होती. लिफ्ट गेली, विहिरीसारखी पोकळी राहिली. शेवटच्या कपाटाची मागची फळी सरकायची. माझ्या शेजारच्या पलंगावरच्या मुलीने ती शोधली होती. ती पूर्वेकडून पळून आलेल्यांपैकी, आईबाप नसलेली, आणि झोपेत तिचं अंथरूण ओलं व्हायचं. तशा मुलीला ओली चादर खांद्यावर घेऊन नाश्ता संपेपर्यंत सगळ्यांसमोर उभं करत. म्हणून पहाटे ती चादर त्या पोकळीत टाकायची. खाली आता धुण्याची खोली होती. चादर मळक्या ढिगामागे पडायची आणि कुणाला काही कळायचं नाही. मी पहाऱ्याला उभी राहायचे.

तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ते नकाशात काढलं असतं. खोटं काढणं तुम्हाला जमलं नसतं. पोकळी बुजवली गेली असती. आणि नकाशा पुरा झाला असता, म्हणजे पुन्हा महिन्यातून दोन तास.

जानेवारीत बर्फातून तुम्ही बसथांब्यापासून चालत आलात तेव्हा खोकत होतात. तिसऱ्यांदा मोजून झाल्यावर जिन्यात बसलात आणि मला विचारलंत, जसं मोठ्या माणसाला विचारतात, "तुला काय वाटतं गं, कुठे घोळ झाला असेल?"

मी म्हटलं, "तुमचंच चुकलं असेल, नाना."

तुम्ही मान हलवलीत. फेब्रुवारीत तुम्ही ती जागा पेन्सिलीने भरून टाकलीत, भरीव भिंत म्हणून, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलंत, मोजमापात चूक संभवते, आणि सही केलीत. माझ्या देखत तुम्ही कबूल केलेली ती एकच चूक, आणि ती तुमची नव्हती. मार्चमध्ये तुम्ही इस्पितळात गेलात. छातीचं दुखणं जुनंच होतं, असं डॉक्टर म्हणाले. ते ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं, याची लाज मला त्याच दिवशी वाटली. एप्रिलमध्ये आत्याकडे परत पाठवलं ते मला एकटीलाच.

हे मी नवऱ्याला सांगितलं आहे, मुलीलाही. मैत्रिणीला वाचवायला मी बापाशी गप्प राहिले, असं. लेकीला वाटतं, आई लहानपणी मोठी धीराची होती. त्यांनी हा कागद वाचावा अशी माझी इच्छा नाही, आणि तुमच्यापर्यंत तो पोचणार नाही, म्हणून लिहिते.

ती मुलगी नाताळाच्या आधीच गेली होती, नाना. तिची मावशी सापडली, येऊन घेऊन गेली. त्यानंतर त्या पोकळीत कुणी काही टाकलं नाही. त्यानंतर तुम्ही सहा रविवार आलात. ते सहा मी माझ्यासाठी ठेवले.