मान न वळणारा फ्लॅश

भाऊ,

जामनेरच्या साखरपुड्याला मी निघाले. कॅमेरा माझ्याकडे आहे, शोधत बसू नकोस. तू आणलेला फ्लॅश टेबलावर ठेवलाय, तो तिथेच शोभतो.

दुकानात डोळे दिपले म्हणून तू तो घेतलास. त्याची मान वर वळते का, एवढं फक्त बघ म्हटलं होतं, तर "तुला काय कळतं त्यातलं?" म्हणालास. परवा बोदवडच्या लग्नात तो सरळ नवरीच्या अंगावर मारलास आणि तिची सोन्याची पोत प्रत्येक फोटोत पांढरा डाग होऊन बसली. तिच्या आईची माफी मागायला मात्र मला पुढे केलंस.

काल मी सेकंडहँड, पण मान वळणारा फ्लॅश आणला. तुझ्यापेक्षा स्वस्तात. छताकडे वळवून मारला की उजेड मऊ उतरतो. छत पांढरं हवं, मांडवाचं लाल कापड चालत नाही, चेहरे लाल होतात. हे मुद्दाम लिहिते, कारण तू नक्की तिथेच मारशील.

भाजी झाकून ठेवलीय.

तुझा फ्लॅश एकदा चमकला की बराच वेळ दम खातो. आज दोघं घरीच बसा. तुमचं जमेल.

दिपमाला