दादाला ऊन लागलं नव्हतं

४ फेब्रुवारी, अकोला
शाळेत फळ्यापुढे पुन्हा अंधारी आली. हातातून खडू पडला, पाठोपाठ मी. इको काढला. हृदयाचा स्नायू जाड दिसतोय म्हणे. नेमकं काय ते एमआरआयशिवाय कळणार नाही. डॉक्टरांनी विचारलं, घरात कोणी अचानक गेलंय का? नाही म्हटलं. दादा उन्हानं गेला, तो यात कसा धरायचा?

९ फेब्रु.
तासभर मशीनमध्ये. "श्वास सोडा, धरून ठेवा." माझ्यासारख्या बडबडीला शिक्षाच. मध्येच सुईतून औषध सोडलं, दंडापर्यंत गार वाटलं. स्नायूला जिथे इजा झालीय तिथे ते रेंगाळतं आणि चित्रात पांढरं दिसतं, असं सांगितलं.

११ फेब्रु.
पांढरं दिसलं. दोन ठिकाणी. असा आजार बहुतेक वेळा घराण्यातून येतो, धावपळीत हृदय अचानक थांबू शकतं, पुन्हा आठवा, म्हणाले. मग दादाचं सांगितलं. तेव्हा एकतीस वर्षांचा. मे महिन्यात भरदुपारी संत्र्याच्या बागेत पाणी द्यायला गेला, तिथेच पडला. पोस्टमार्टेमला आम्हीच नको म्हटलं. ऊन लागलं हे सगळ्या गावाला दिसत होतं, चिरफाड कशाला?
डॉक्टरांनी विचारलं, त्यांना मूलबाळ?
वैष्णवी. एकोणीस वर्षांची. अमरावतीत खोली घेऊन राहते, पोलीस भरतीसाठी रोज पळते. मला तिथेच रडू फुटलं.

१३ फेब्रु., वरूड
अण्णांना सांगितलं. मुलाला आपणच उन्हात पाठवलं, म्हणून इतकी वर्षं स्वतःलाच खात आलेत. खाटेवर उठून बसले. मग, "म्हंजे माह्यामुळं नाई गेला तो?"
नाही अण्णा.
लहान लेकरासारखे रडले. वहिनी दारातच उभी. "मंग माह्या पोरीचं काय?"

१५ फेब्रु., अमरावती
वैष्णवी ऐकत नाही. "आत्या, शुक्रवारी भरतीचं ग्राउंड हाय. तीन मिनटं तं पळाचं हाय. मंग करू तपासनी." रागावले, हात जोडले. भिंतीकडे तोंड करून झोपली. बापाचाच हट्ट.

१६ फेब्रु.
सकाळी तिच्यामागोमाग मैदानावर. दुसऱ्या फेरीत मध्येच थांबली, हात गुडघ्यांवर. डॉक्टरांनी मला जिनासुद्धा सावकाश चढायला सांगितलंय. मी धावले.
"काई नाई झालं मले. बाबाले पडाच्या आंधी काई समजलं असीन काय, त्याचा इचार करून राहिली होती."
तिच्या पाठीवर हात ठेवला. तपासणीचं पुन्हा विचारलं. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. दोघी मातीतच बसलो, धापा टाकत. परवा शुक्रवार.