चौथा भाग आणि अक्काचा हात

रविवार, संध्याकाळ

परीक्षणाचं पहिलं वाक्य सकाळीच तयार होतं : ‘गर्दी म्हणजे दर्जा नव्हे.’ आता तेच लिहवत नाही.

धरणगावची अक्का, माझी थोरली बहीण, दाजी गेल्यापासून आज पहिल्यांदाच घराबाहेर पडली. तिला मॅटिनीला नेलं. शिळ्या कढीला चौथ्यांदा ऊत, आणि थिएटर खचाखच! नायक कड्यावरून कोसळला तेव्हा मला जांभई आली. अक्काने मात्र माझा हात घट्ट धरला. बोटं रुतली अक्षरशः.

बाहेर आल्यावर मी चिडूनच म्हणालो, “अगं, तो वाचणार हे माहीत नव्हतं का तुला?”

“माले बठ्ठं माहीत शे, भाऊ,” ती शांतपणे म्हणाली. “तो दरवेळे परत येस. म्हनीसनच तर मी देखस.”

परत येतो, म्हणूनच बघते!

चित्रपट सुमारच आहे. तसंच लिहीन, त्यात माघार नाही. पण एवढी माणसं आली ती काही मूर्ख म्हणून नव्हे. पहिलं वाक्य खोडलंय. त्या जागी काय लिहू, सुचत नाही. सारखा तो हातच आठवतोय.

नायक सुखरूप वर आला, तरी अक्काने माझा हात सोडला नव्हता.