आसव म्हणून ठेवलेला कॅन

डोंबिवली,
१४ मे २०२४

चि. सर्वेश यास,
मृणालताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तू हसण्यावारी नेशील, म्हणून लिहिते. विनीत ठाण्याला ऑफिसला जाताना कळव्याला उतरून हे पाकीट तुझ्या हाती देईल.

शुक्रवारी तू वीस लिटरचा कॅन माझ्या स्वयंपाकघरात ठेवून गेलास. बाबांच्या पोटासाठी आवळ्याचं आसव आहे, तुझी खोली तापते, आठवडाभर इथे मुरू दे, म्हणालास. मी ठेवून घेतला. काल दुपारी सासूबाई भाकरी थापत असताना झाकण उडून छताला लागलं. तपकिरी फेस पंख्यावर, भांड्यांवर, त्यांच्या पाठीवर. त्यांनी पुसायला घेतलं, फडकं नाकाशी नेलं आणि तिथेच खाली बसल्या.

सासरे दारूपायी गेले, ते तुला माहीत आहे. विठ्ठलवाडीच्या चाळीत सासूबाईंनी सोळा वर्षं ते सोसलं. या घरात थेंब येणार नाही, एवढी एकच अट त्यांनी विनीतच्या नि माझ्या लग्नात घातली होती. मला ठाऊक होतं का, इतकंच त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांना ते पटलं नाही.

कॅन अजून बराच भरलेला आहे आणि फसफसतोय. झाकण लावू की नको? विनीत म्हणतो, हात लावू नको. तू सांग, आणि खरं सांग.

तुझी,
ताई


तुमच्या गेटपाशी,
१५ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सासूबाईंनी दारातूनच परत पाठवलं, ते बरोबरच केलं. हे पत्र आणि एक जाड नळी वॉचमनकडे ठेवतोय.

आधी कॅनचं. झाकण लाव, पण त्याच्या भोकातली बारीक नळी काढून ही जाड नळी बसव आणि दुसरं टोक पाण्याच्या पातेल्यात बुडव. गॅस बुडबुड्यांनी निघून जाईल. कॅन टबात ठेव, भोवती ओला टॉवेल गुंडाळ, टबातल्या पाण्यात बर्फ टाकत राहा. थंड झालं की यीस्टचा जोर ओसरतो. खिडकी उघडी ठेव. बाटल्यांत मात्र भरू नकोस, काच फुटेल. चूक माझी. वर चौथा भाग रिकामा ठेवायला हवा होता, मी गळ्यापर्यंत भरला. त्यात मे महिना. बारीक नळीत फेस अडकला आणि दाब वाढत गेला.

हो, बिअर आहे. आणि ताई, ती एकट्या माझी नाही. सहा महिने झाले, विनीतदाजी शनिवारी तुला ओव्हरटाइम सांगून माझ्याकडे येतात. कॅन तुझ्याकडे ठेवायचं त्यांनीच सुचवलं. आसव आहे म्हण, तू सांगितलंस तर मृणाल विचारणारही नाही, असं मला म्हणाले. मी नको म्हणायला हवं होतं. काल पाकीट देताना त्यांनी मला बजावलं की त्यांचं नाव यात आणायचं नाही. ते मला जमेना.

रागाव, पण पत्र लिही.

तुझा,
सर्वेश


डोंबिवली,
१६ मे

चि. सर्वेश यास,

काल नळी बसवली. सासूबाईंनी स्वतःहून बर्फ आणला आणि टॉवेल भिजवत राहिल्या. पुन्हा उडालं तर तुझे डोळे जातील, म्हणाल्या. माझ्यावर राग असताना म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत बुडबुडे मंदावले.

विनीत आला आणि त्यांच्यासमोर मला म्हणाला, की तुझ्या भावाने आईला फसवलं, त्याला पुन्हा घरात घेऊ नकोस. अगदी शांतपणे म्हणाला. मी तुझं पत्र सासूबाईंच्या हातात दिलं. त्या मोठ्याने वाचतात, अक्षर लावत. नळी, पातेलं, टब, सगळं वाचलं. शनिवारपाशी येऊन थांबल्या. चष्मा काढला. मग विनीतला सांगितलं, कॅन उचल आणि मोरीत ओत. तो रिकामा होईपर्यंत त्या दारात उभ्या होत्या. नंतर मला जवळ बसवून घेतलं, माझं खरं मानलं नाही म्हणाल्या, आणि रडल्या. त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

विनीतशी काय बोलायचं ते मी बघेन. तुझं मात्र कळत नाही. त्याचं खोटं मी पकडलं असतं, हे त्याला माहीत होतं. म्हणून त्याने ते तुझ्या तोंडून वदवलं, आणि तू वदलास.

कॅन धुऊन वॉचमनकडे ठेवला आहे. घेऊन जा, वर येऊ नकोस. कधी यायचं ते मी कळवीन. आशीर्वाद आहेत, कारण मी मोठी आहे. बाकी काही सध्या मागू नकोस.

मृणाल