गुडघेदुखीच्या पुडीची निरवानिरव

मी, रंभाजी आसाराम खेतमाळस, वय ७३, मुक्काम मिरजगाव, तालुका कर्जत, जिल्हा अहिल्यानगर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली नसताना हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा गावच्या डॉ. भारती यांचा दाखला सोबत जोडला आहे. संधिवाताने बोटे वाकडी झाली आहेत, तेव्हा अक्षराला नावे ठेवू नयेत.

१. माझ्या कमाईची दोन एकर जिरायत मुलगी रुपाली हिला द्यावी. तिला राहात्याला दिली आहे. भावाने कुरकुर करू नये.

२. राहते घर मुलगा गोरक्षनाथ याला. अट एकच, या घरात पुन्हा पुडी बांधली जाऊ नये. लोखंडी खल भंगारात घालावा आणि माझा फोटो छापलेली पाकिटे जाळावीत.

कारण लिहितो. वाळलेली निर्गुंडी, सुंठ, मेथी आणि एरंडमूळ कुटून मी चाळीस वर्षे गुडघेदुखीवर पुडी दिली. दुखणे थोडे हलके व्हायचे, एवढेच. चार वर्षांपूर्वी कुटायचे काम गोरखने घेतले आणि खाटेवरची माणसे चालत येऊ लागली. उतारवयात माझ्या हाताला गुण आला, असे मला वाटले. लोक पाया पडत, मी पडू देत असे.

माझी पत्नी बनुबाई हीही तीच पुडी घेई. तिचे तोंड गोल गोल झाले. मी चिडवायचो, "आता या वयात बाळसं धरलंस व्हय?" ती लाजायची.

गेल्या वर्षी नवरात्रात घट बसले आणि बनुने नेमाप्रमाणे सगळे औषध बंद केले. तिसऱ्या माळेला ती देवापुढे कोसळली. नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिचे तोंड पाहिले, हातावरचे काळेनिळे डाग पाहिले आणि विचारले, "यांना स्टिरॉइड कोण देत होतं? ते असं एकदम सोडायचं नसतं." मी गोरखकडे पाहिले. तो खाली बघत होता. पाचव्या माळेला बनु गेली.

घरी आल्यावर गोरख म्हणाला, "दादा, गोळ्या मिसळल्या, पर लोकास्नी गुन येत हुता ना? नाव तर तुमचंच झालं की." ते खरे होते, म्हणून जास्त लागले. त्याला मी माफ केलेले नाही. पण नंतर चौदा महिने मीही तोंड उघडले नाही आणि पुड्या जात राहिल्या.

३. निर्गुंडीचे तेल कोणीही करावे. ओला पाला तिळाच्या तेलात मंद आचेवर चुरचुर थांबेपर्यंत कढवावा, गाळून कोमट चोळावे, वरून शेक द्यावा. बरे वाटते, रोग जात नाही. मी रोग जातो असे सांगत आलो, ते खोटे होते.

४. वेताची काठी मेहुणा सहादेव याला. बनुच्या मयतीत तो म्हणाला, "औषध देनाऱ्याच्या घरातली बाई गेलीच कशी?" त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललो नाही. त्याचे विचारणे बरोबर होते.

५. वहीत पुडी नेणाऱ्यांची दोनशे बारा नावे आहेत. अकरा जणांपुढे मी "कै." लिहिले आहे. ते कशाने गेले, हे घरच्यांना विचारायचे धाडस झाले नाही. बाकीचे माझ्या दहाव्याला येतील. तेव्हा हे मोठ्याने वाचून सांगावे, की पुडी एकदम थांबवू नका, आधी डॉक्टरांना दाखवा, ते बेताबेताने सोडवतील. जिवंतपणी हे सांगायची माझी छाती नाही.

इथवर लिहिलेले साक्षीदार काकासाहेब यांना वाचून दाखवले. ते माझे लहानपणापासूनचे सोबती, तीन वर्षे माझी पुडी घेतात. ते गुडघे चोळू लागले. मग म्हणाले, "म्हंजी तू मरस्तवर आमी खात ऱ्हायचं? अन् मीच आदी गेलो तर, रंभा?"



म्हणून कलम पाच खोडले आहे. उद्या आठवडे बाजार आहे. बाजारात भोंगा लावून वही मी स्वतः वाचणार, बनुच्या नावापासून. डॉ. भारती तपासायला बसणार आहेत. लोक मला मारायला उठले तर उठू द्यावेत, कोणी मध्ये पडू नये.

सही: रंभाजी आसाराम खेतमाळस

समक्ष सही करणारे:
१. काकासाहेब सखाराम बावडकर, मिरजगाव
२. डॉ. भारती शिंदे, मिरजगाव

मिरजगाव, ११ डिसेंबर २०२५