गाडी कोण चालवणार

बेलव्ह्यू, ९ मार्च २००५

चि. पद्मजास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर मी तोंड उघडलं की तू फोन ठेवतेस, म्हणून हे पत्र. निदान हे तरी शेवटपर्यंत वाच.

कोर्टात काय झालं ते अतुलने सांगितलं. घरात गांजा सापडला म्हणून माझ्या बहिणीचं लायसन्स सहा महिन्यांसाठी काढून घेतात, हे मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी स्वतःच्या मुलाकडून कळावं? पोलीस दारात आले तेव्हा तो माझा आहे असं तू का म्हणालीस? ओढत होते तुझे जगन्नाथराव. त्यांना हल्ली गाडी चालवता येत नाही. त्यांचं लायसन्स गेलं असतं तर काही अडलं नसतं. आता दर मंगळवारी त्यांना किमोला कोण नेणार?

मराठी मंडळात कुणी गाडीबद्दल विचारलं तर डोळ्यांचं ऑपरेशन झालंय असं सांग. सहा महिने निघून जातील.

रागावलो तरी तुझाच,
गुरुनाथदादा

*

जर्सी सिटी, १८ मार्च २००५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र शेवटपर्यंत वाचलं, दोनदा. आता तूही वाच.

किमो सुरू झाल्यापासून यांच्या पोटात पाणी ठरत नव्हतं. सत्तर किलोंचा माणूस एक्कावन्नवर आला. गोळ्याही उलटून पडायच्या. किमोला शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या बाईंनी हा उपाय सांगितला आणि आणूनही दिला. पहिल्याच दिवशी यांनी वाटीभर मऊ भात खाल्ला आणि आणखी मागितला. मग कॉरिडॉरमध्ये वास गेला, कुणीतरी तक्रार केली, भर दुपारी पोलीस आले. हे तेव्हा बाथरूमच्या भिंतीला धरून उभे होते. त्यांना कोर्टात उभं करू? आणि दादा, तो खरंच माझा होता. घरी आणला मी, सिगरेट वळून दिली मी.

जज भला माणूस होता. त्या वेळी मी गाडी चालवत होते का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, भात कालवत होते. तो म्हणाला की त्यालाही वाईट वाटतं, पण गुन्हा अमली पदार्थाचा असला की गाडीशी संबंध असो-नसो, लायसन्स जातं. त्यात सूट द्यायची त्याला मुभा नाही. तिथल्या तिथे पर्समधून कार्ड काढून द्यावं लागलं.

डोळ्यांचं ऑपरेशन मी सांगणार नाही. रविवारी मंडळाच्या सभेत उभी राहिले, झालं ते सगळं माईकवर सांगितलं, आणि मंगळवारी गाडी चालवणारं कुणी हवंय असंही. पद्मिनीताई पर्स उचलून निघून गेल्या. शोभा मात्र म्हणाली की पहिला मंगळवार तिचा. एरवी ट्रेन, मग बस. यांच्यासाठी प्लास्टिकची पिशवी हातात उघडून धरूनच बसते.

आणि यांचा तो उपाय बंद केलेला नाही. खिडकी तेवढी उघडी ठेवते.

धाकटीला समजून घे. नाही घेतलंस तरी लिहीत जा.
पद्मजा

*

बेलव्ह्यू, २ एप्रिल २००५

चि. पद्मजास,
अ. उ. आ.

पिशवीपाशी माझं वाचन थांबलं. पुढचं तुझ्या वहिनीने वाचून दाखवलं. मग तिने विचारलं, ‘तुमच्यावर ही वेळ आली असती तर मी काय करावं असं तुम्हाला वाटलं असतं?’ मी दुसऱ्या दिवशी तिकीट काढलं.

इथल्या राज्याचं लायसन्स तुमच्या राज्यातही चालतं, अतुलने खात्री केलीय. पुढच्या सोमवारी पोचतो. सप्टेंबरपर्यंतचे मंगळवार माझे. तू मागे जगन्नाथरावांजवळ बसायचं आणि मला वळणं सांगायची नाहीत. त्या उघड्या खिडकीचा मला अजून राग आहे. तो बरोबर घेऊन येतोय.

भेटीची वाट पाहणारा,
दादा

*

जर्सी सिटी, १४ मे २००६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

यांना जाऊन सात महिने झाले. शेवटच्या उन्हाळ्यात ते जेवले, तुझ्याशी पत्ते खेळले, तुझ्या ड्रायव्हिंगला नावं ठेवली. सप्टेंबरात माझं लायसन्स परत आल्यावरही त्यांनी तुलाच चालवायला लावलं, हे मी विसरलेले नाही.

आता बातमी. पुढच्या महिन्यात राज्याच्या राजधानीत, ट्रेंटनला, आमदारांची समिती आजाऱ्यांना असा उपाय कायद्याने मिळावा का, यावर लोकांचं म्हणणं ऐकणार आहे. मी नाव दिलंय. नाव गुप्त ठेवता येतं का, असं तू विचारशील. येतं. मी ठेवलेलं नाही. पूर्ण नाव, पत्ता, गुन्हा, शिक्षा, सगळं लिहून दिलंय.

मला तीन मिनिटं मिळतील. आजाऱ्याला सांभाळणाऱ्या बाईची गाडी बंद करून रस्त्यावरचं कोण सुरक्षित झालं, एवढं विचारणार आहे. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा आणीन, हेही सांगणार आहे. शोभा म्हणते, शेवटचं वाक्य गाळ. गाळणार नाही.

हे गेल्यापासून इतक्या लांब एकटीने गाडी चालवलेली नाही. तरी जाणार.

राग निवला असेल तर आशीर्वाद पाठव. निवला नसेल तरी पाठव.
पद्मजा